आईचे नैराश्य आणि मुलाची पोटदुखी

प्रश्न (मुलुंड):
माझ्या वहिनींवर वर्षभरापासून नैराश्याचे उपचार सुरू आहेत. त्यांचा सात वर्षांचा मुलगा शाळेतून आल्यावर दप्तरही न उतरवता आईच्या खोलीत डोकावतो, ती झोपलेली दिसली की टीव्हीचा आवाज बंद करतो आणि हल्ली रोज पोट दुखत असल्याचे सांगतो. या दोन्हींचा संबंध असेल का?

उत्तर १:
असू शकतो. लहान मुलांचा ताण पुष्कळदा शारीरिक तक्रारींतून दिसतो. तरीही आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

उत्तर २:
मानसिक आजारांच्या संशोधक मर्ना वाइसमन व सहकाऱ्यांनी २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीन महिन्यांच्या उपचारांनंतर ज्या आयांचे नैराश्य ओसरले, त्यांच्या मुलांच्या मानसिक तक्रारीही कमी झालेल्या आढळल्या. त्यामुळे वहिनींची औषधे मध्येच थांबू देऊ नका.

उत्तर ३ (लालबाग):
माझी आई अशीच आजारी असताना चाळीत मला कोणी काही सांगितले नाही, आणि मी खोड्या करतो म्हणूनच ती बोलत नाही, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. मुलाला आजाराचे नाव सांगा आणि दोष त्याचा नाही, हेही सांगा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.