रिप्युडिएट : फेटाळणे, नाकारणे की आणखी काही?

नौपाडेकर : वहिनीचा इस्पितळाच्या खर्चाचा दावा विमा कंपनीने ‘रिप्युडिएट’ केलाय. विमा लोकपालांकडे मराठीत तक्रार करतोय. मी ‘दावा फेटाळला’ लिहिलं, तर शेजारचे काका म्हणाले, चूक आहे. मग काय लिहू?

वाशीकर : सरळ ‘नामंजूर’ लिहा. सगळ्यांना कळतं.

ऐरोलीकर : पुन्हा फारसी! ‘अस्वीकृत’ का नको? शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी?

वाशीकर : मग ‘दावा’ अरबी आणि ‘विमा’ फारसी. तेही काढा, तक्रारीत उरेल काय?

कोपरीकर : काका बरोबर सांगतायत. अर्ज फेटाळतात तो पारखून. रिप्युडिएट करणारा म्हणतो, हे देणं माझ्याकडे लागतच नाही. 1918 साली बोल्शेविकांनी झारच्या काळातली कर्जं रिप्युडिएट केली. तिथे ‘कर्जं फेटाळली’ म्हणाल का? कोर्टात आम्ही ‘दायित्व नाकारले’ लिहितो.

घणसोलीकर : मुळात लॅटिन ‘रेपुदियुम’ म्हणजे बायकोला सोडणं. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, काडीमोड! माझ्या आजोळी पंचांपुढे काडी मोडली की नातं संपलं.

कळवेकर : काडीमोडीला पंच लागतात. इथे एकानेच पाठ फिरवलीय. त्याला अव्हेरणं म्हणतात. दुष्यंत भर दरबारात शकुंतलेला ओळखत नाही, त्याला संस्कृतात ‘प्रत्याख्यान’ म्हणतात.

ऐरोलीकर : प्रत्याख्यान! हाच शब्द.

वाशीकर : अहो, तक्रार वहिनींची आहे. सही करताना त्यांना तरी कळायला नको का?

घणसोलीकर : मग ‘फारकत’? मूळ फारिगखती, देण्यातून मोकळं केल्याचा कागद. पुढे तोच शब्द नवराबायकोला लागला. देणं आणि संसार, दोन्ही एकाच शब्दात.

कोपरीकर : पण तो कागद धनको लिहून देतो. इथे देणेकरीच स्वतःला मोकळं करून घेतोय. अर्थ उलटा झाला.

नौपाडेकर : कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत तक्रार जायला हवी, माझे आठच दिवस उरलेत. ‘जबाबदारी नाकारली’ लिहून उद्या पाठवतोय.

ऐरोलीकर : ‘जबाबदारी’ही फारसीच. ‘उत्तरदायित्व’ करा.

घणसोलीकर : काडीमोडीतली काडी कसली असायची, कुणी पाहिलंय? आमची आजी गवताची म्हणायची.

कळवेकर : आमच्याकडे तुरीची म्हणतात.