लिस्बनमध्ये एकच दिवस, सोबत आई-बाबा – काय बघू, काय सोडू?

दुपारचा_चहा:
नमस्कार मंडळी, मी जर्मनीत असते, आईबाबा सध्या माझ्याकडे आलेत आणि ऑफिसच्या कामासाठी लिस्बनला जायचंय तर म्हटलं त्यांनाही घेऊन जावं. काम शुक्रवारी संपतं, शनिवार-रविवार जवळचं राजवाड्यांचं गाव सिंत्रा वगैरे ठरलंय, शहरासाठी फक्त सोमवारचा दिवस उरतोय. आईचे गुडघे दुखतात, शिवाय ती अंडंही खात नाही. बाबा मासे म्हटलं की कुठेही येतील आणि त्यांना वास्को द गामाची कबर बघायचीच आहे. २८ नंबरची ट्राम आणि ती लोखंडी लिफ्ट वर्थ आहे का?

कोकणी_मेवा:
सोमवार?? अगं वास्कोची कबर जेरोनिमॉस मठात आहे आणि तो सोमवारी बंद असतो, म्हणजे बाबांचा वास्को गेला. एक दिवस पुढे ढकलता आलं तर बघ, नाहीतर सिंत्रा सोमवारी कर आणि शहर रविवारी.

दुपारचा_चहा:
बापरे, वाचवलंत. परतीचं तिकीट बुधवारचं करून घेते, मंगळवार मिळाला!

खलाशी_काका:
मंगळवार असेल तर सकाळी सरळ बेलेम गाठा, शहराच्या पश्चिमेला नदीकाठी, मठ तिथेच आहे. १५ नंबरची ट्राम मठासमोरच सोडते. लोकलसारखी ट्रेन पण आहे काइश दो सोद्रेहून, पण बेलेम स्टेशनवरून रूळ ओलांडायला पूल चढावा लागतो, गुडघ्यांसाठी ट्रामच बरी. मठ उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. बाबांना सांगा कबर चर्चमध्ये आहे, आत शिरल्यावर डाव्या हाताला वास्को आणि उजवीकडे त्यांचा महाकवी कामोंइश. वास्को मेला आपल्या कोचीला, १५२४ मध्ये, तिथेच आधी पुरला होता, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला नेले. मठाचं बांधकाम १५०१ ला सुरू झालं आणि त्याचा खर्च बराचसा मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून निघाला, म्हणजे मलबारच्या मिरीवर उभा आहे असं म्हणालात तरी चालेल. दगडात कोरलेले दोरखंड बघा, जहाजावरचे वाटतात अगदी.

मग चालत बेलेम टॉवर, नदीकाठचा जुना बुरूज. आत चढू नका, जिना अरुंद आणि गोल आहे. बाहेरूनच पश्चिमेकडच्या बाजूला कोपऱ्यातल्या बुरुजाच्या तळाशी एक गेंडा कोरलाय तो शोधा. गुजरातच्या सुलतानाने भेट दिलेला खरा गेंडा गोव्याहून जहाजाने १५१५ मध्ये लिस्बनला पोचला होता, सगळं युरोप बघायला लोटलं. आता तो कोरलेला गेंडा वाऱ्यापाण्याने झिजलाय पार.

पावशेर_फिरस्ता:
बेलेमचं ते प्रसिद्ध पेस्ट्रीचं दुकान १८३७ पासूनचं आहे, बाहेर रांग दिसली तरी आत बसायला भरपूर जागा असते, रांगेतले बरेचसे पार्सलवाले असतात. पण आईंना नाही चालणार, आतलं कस्टर्ड पूर्ण अंड्याच्या पिवळ्या बलकाचं असतं. असं सांगतात की मठात कपड्यांना खळ द्यायला पांढरा बलक जायचा आणि उरलेल्या पिवळ्याचं काय करायचं म्हणून या मिठाया निघाल्या.

दुपारचा_चहा:
मग आईने खायचं काय 😭

पावशेर_फिरस्ता:
शहराच्या मध्यात मार्तीम मोनीझ चौकाच्या आसपास भारतीय, नेपाळी, बांगलादेशी हॉटेलं खच्चून आहेत. वाकडी वाट चालत असेल तर शहराच्या उत्तरेला लुमियार भागात राधाकृष्ण मंदिर आहे, मोझांबिकहून आलेल्या गुजराती मंडळींचं, तिथे शाकाहारी कँटीन आहे, फोन करून जा. साधं सूप मागितलंत तर आधी विचारा, काल्दो वेर्देमध्ये कोबी-बटाट्याबरोबर सॉसेजचा तुकडा टाकतात. आणि बसल्याबसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात ते फुकट नसतं, हात लावलात की बिलात. आमच्या वडिलांनी अख्खी टोपली संपवली आणि वर "किती अगत्य आहे बघ लोकांना" म्हणाले.

सांजवात:
२८ नंबरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या मते नको. दिसायला गोड आहे पण उभं राहायला जागा नसते आणि खिसेकापूंचं कुरण आहे, माझ्या नवऱ्याचं पाकीट तिथेच गेलं. टेकडीवरच्या साओ जॉर्ज किल्ल्यावर जायला फिगेइरा चौकातून ७३७ ची छोटी बस आहे. किंवा बायशामधून, म्हणजे खालच्या मध्यवर्ती भागातून, फांकेरुश रस्त्यावर एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे, तिने वर या, थोडं चालून एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट, तीही फुकट, गुडघ्यांना काही कळतसुद्धा नाही. सांता जुस्ताच्या लोखंडी लिफ्टसाठी तास-तास उभं राहू नका, बाहेरून फोटो काढा. त्याऐवजी वरच्या अंगाला कार्मोचं बिनछताचं चर्च बघा, १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात छत गेलं ते पुन्हा बांधलंच नाही. तो सर्व संतांचा दिवस, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या, आधी भूकंप मग आग आणि नदीतून त्सुनामी. खाली बायशाचे सरळ काटकोनी रस्ते दिसतात ना, ते त्यानंतर तेव्हाचा राजाचा मंत्री पोंबाल याने नव्याने आखलेले.

कोकणी_मेवा:
सांजवात +१ पण किल्ल्याखालची जुनी वस्ती आल्फामा टाळू नका हं, तिथल्या सांता लुझियाच्या कठड्यावर संध्याकाळी नुसतं बसायचं. आणि बूट!! तिथले फुटपाथ गुळगुळीत पांढऱ्या दगडाचे, पाऊस पडला की साबण.

खलाशी_काका:
साबणावरून आठवलं, आपले बरेच शब्द पोर्तुगीजच आहेत. आईंना सुपरमार्केटमध्ये न्या, बटाट्यावर बताता लिहिलेलं असतं. चावीला शाव, बादलीला बाल्द, अननसाला अननाशच.

दुपारचा_चहा:
आलो जाऊन! किल्ला सोडला, उतारावरच आईने हात टेकले, त्याऐवजी काइश दो सोद्रेहून नदीपलीकडे कासिल्यासला बोटीने गेलो, दहा मिनिटं, पुलाचा आणि सगळ्या शहराचा मस्त फोटो आला, बाबांना तिथे भाजलेले सार्डिन मिळाले. कबरीसमोर बाबा हात मागे बांधून बराच वेळ उभे, मग म्हणाले, "याच्यामागून आले म्हणून वसई घ्यायला चिमाजी अप्पाला जावं लागलं". गेंडा आईनेच शोधला. "हे डुक्कर आहे" म्हणाली, आणि अजून तेच म्हणतेय.