पिरॅमिडवर नक्की कुठे चढता येतं? (मेक्सिको आणि इजिप्त, नियमांची चौकशी)

मुपो_डॅलस
मंडळी, नाताळच्या सुट्टीत कानकूनला उतरून चिचेन इत्झा आणि आसपासची माया ठिकाणं, आणि जूनमध्ये भारतात जाताना वाटेत इजिप्त, असा बेत आहे. सोबत ११ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (६८, गुडघे ठीकठाक). मुलाला पिरॅमिडच्या माथ्यावर जायचंच आहे. व्हिडिओंमध्ये लोक आरामात चढताना दिसतात, तर काही ठिकाणी सरसकट बंदी असल्याचं वाचलं.
१) कायद्याने कुठे चढता येतं?
२) बंदी असताना चढलं तर काय होतं? दंडावर भागतं का?
३) सासूबाईंना पिरॅमिडच्या आत नेणं कितपत शहाणपणाचं?

पायरी_पायरीने
आधी व्हिडिओची तारीख बघा. २०२० च्या आधीचा असेल तर मेक्सिकोपुरता तो रद्दी समजा.

चिचेन इत्झाचा एल कास्तियो (कुकुल्कानचा पिरॅमिड) २००६ पासून चढाईला बंद आहे. त्या वर्षी जानेवारीत एक वृद्ध अमेरिकन पर्यटक महिला पायऱ्यांवरून पडून दगावली, हे तात्कालिक कारण. वरच्या मंदिरासकट उंची ३० मीटर, म्हणजे साधारण दहा मजले. चारही बाजूंना ९१ पायऱ्या आणि वरचा चौथरा धरून ३६५. जिन्याचा उतार ४५ अंशांच्या घरात आणि पायरी पावलापेक्षा अरुंद. चढताना नजर समोरच्या पायरीवर असते म्हणून कळत नाही. माथ्यावरून खाली बघितलं की खालच्या पायऱ्या दिसेनाशाच होतात, मग भल्याभल्यांचे पाय लटपटतात. त्यात चुनखडीचा दगड लाखो बुटांनी घासून गुळगुळीत झालेला.

तेओतिवाकानचा सूर्य पिरॅमिड (सुमारे ६५ मीटर) २०२० मध्ये करोनाकाळात बंद झाला. चंद्र पिरॅमिडवर मे २०२५ पासून पुन्हा जाऊ देऊ लागले, पण फक्त पहिल्या टप्प्यापर्यंत, ४७ पायऱ्या. मात्र तेओतिवाकान मेक्सिको सिटीजवळ आहे, कानकूनहून वेगळं विमान लागेल. कोबाचा नोहोच मुल, ४२ मीटर, म्हणजे दोर धरून चढायचे तो प्रसिद्ध पिरॅमिड. तोही २०२० मध्येच बंद झाला होता. दोराचे जुने फोटो बघून बेत आखू नका, निघायच्या आठवड्यात हॉटेलवाल्याला त्या दिवसाची स्थिती विचारा.

उश्मालचा जादूगाराचा पिरॅमिडही फक्त खालून बघायचा. 'एक बालाम' आणि कालाकमुल या माया ठिकाणी मात्र चढू देण्याची प्रथा राहिली आहे. कालाकमुलची क्रमांक २ ची वास्तू सुमारे ४५ मीटर उंच, माथ्यावरून चहूकडे नुसतं जंगल. पण ती पार दक्षिणेला, कानकूनहून एका दिवसात होत नाही. डागडुजी, पाऊस, पडलेलं झाड, अशा कोणत्याही कारणाने एखादा जिना त्या दिवसापुरता बंद असू शकतो. पायथ्याशी दोरी बांधलेली दिसली की विषय संपला, तिथल्या रखवालदाराशी हुज्जत घालू नका.

चुनखडी
इजिप्तचं मी सांगतो. गिझाच्या तिन्ही पिरॅमिडांवर चढायला बंदी आहे, आणि ती नुसती कागदोपत्री नाही. १९८३ चा ११७ क्रमांकाचा पुरातत्त्व कायदा आहे. त्यात २०२० च्या दुरुस्तीने स्पष्ट कलम आलं: परवान्याशिवाय पुरातन वास्तूवर चढणाऱ्याला किमान एक महिना कैद, १०,००० ते १,००,००० इजिप्शियन पौंड दंड, किंवा दोन्ही. वर जाऊन अश्लील चित्रीकरण वगैरे केलं तर शिक्षा दुप्पट. म्हणजे 'दंडावर भागतं का' याचं उत्तर: भागेलच असं नाही. शिवाय फोन जप्त, चौकशी आणि परतीचं विमान चुकणं वेगळंच. बेकायदा कृत्य करताना झालेली इजा प्रवास विम्यात सहसा बसत नाही, हेही ध्यानात घ्या.

मेक्सिकोतला १९७२ चा संघीय स्मारक कायदा याहून कडक वाटेल. पुरातन वास्तूचं नुकसान केल्यास तीन ते दहा वर्षं कैद. नुसतं चढणाऱ्याला प्रत्यक्षात बहुधा पकडून बाहेर काढतात आणि दंड करतात. पण 'नुसतं चढणं' कुठे संपलं आणि 'नुकसान' कुठे सुरू झालं, हे तुम्ही ठरवणार नाही. चिचेन इत्झाला तर पोलिसांच्या आधी खाली जमलेली गर्दीच समाचार घेते. बाटल्या, शिव्या, प्रसंगी काठीसुद्धा.

आता कामाचं. खुफूच्या, म्हणजे गिझातल्या सर्वांत मोठ्या पिरॅमिडवर थोडंसं चढणं नियमात बसतं. पर्यटकांचं प्रवेशद्वार जमिनीपासून काही थर वर आहे आणि तिथपर्यंत दगडातच पायऱ्या केलेल्या आहेत. आत जायचं तिकीट वेगळं असतं, पण त्या पायऱ्यांवर मुलाचा फोटो निघतो. तिथे कोणी 'या, अजून वर नेतो, फोटो काढून देतो' म्हणत हात धरू लागलं तर सरळ नाही म्हणा. त्याचे हात ओले करून मिळते ती परवानगी नव्हे. पकडलं की तो गायब आणि वर तुम्ही.

शंकेखोर
आपल्याकडे गडकोटांवर शनिवार-रविवारी जत्रा भरते. इथे तर अडीच-अडीच टनांचे दगड. एकदोन माणसं चढली तर पिरॅमिडला काय होणार आहे? मला तर हे सगळं सरकारी अतिकाळजीपोटी चाललंय असं वाटतं.

चुनखडी
@शंकेखोर, प्रश्न रास्त आहे, पण दगडाचं वजन हा मुद्दाच नाही. खुफूच्या पिरॅमिडवर आज जी 'पायरी' दिसते ती पायरी म्हणून बांधलेलीच नव्हती. बाहेरून तुरा नावाच्या ठिकाणच्या पांढऱ्या चुनखडीचं गुळगुळीत आवरण होतं. १३०३ च्या भूकंपात ते खिळखिळं झालं आणि नंतर कैरोच्या इमारतींना गेलं. आज उघडा आहे तो आतला भरावाचा थर: स्थानिक, भरड चुनखडी, कडा झिजलेल्या, फटींमधून चुरा आणि सुटे तुकडे. खालच्या थरांमध्ये एकेक दगड छातीपर्यंत येतो, म्हणजे चढायचं तर गुडघा टेकवून, कडेला लोंबकळून. प्रत्येक वेळी कडेचा कपचा निघतो आणि खालच्या माणसाच्या डोक्यात जातो. उतार जवळजवळ ५२ अंश, उंची आज १३८ मीटरच्या आसपास. घसरलं की मध्ये अडायला काही नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपीय पाहुण्यांना दोघे वरून ओढायचे आणि एक जण खालून ढकलायचा, तो थाट काही उगाच नव्हता. शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडचं माथ्याकडचं मूळ आवरण अजून शाबूत आहे. तिथे पाय ठेवायला जागाच नाही.

पायरी_पायरीने
माया आणि तेओतिवाकानच्या वास्तूंची तऱ्हा वेगळी. तिथे आत माती-दगडांचा भराव, बाहेर दगडांचं कवच आणि त्यावर एके काळी चुन्याचा गिलावा. कवचाचे सांधे पायांनी ढिले झाले की पावसाचं पाणी आत शिरतं. भराव फुगतो, पाणी बाहेर पडायला वाट शोधतं आणि एक दिवस भिंतीला पोट येतं. म्हणजे एका माणसाच्या वजनाने काही होत नाही. रोज हजारो पावलांनी सांधे उघडे पडतात आणि पुढचं काम पाऊस करतो.

आणखी एक गंमत. तेओतिवाकानच्या सूर्य पिरॅमिडवर लोक ज्या पृष्ठभागावरून चढायचे तो बराचसा मूळचा नाहीच. १९०५ ते १९१० मधल्या उत्खननात लिओपोल्दो बात्रेसने बाहेरचा काही मीटरचा थर काढून टाकला आणि मग डागडुजी केली. त्यामुळे 'इतकी वर्षं चढू देत होते, आत्ताच काय झालं' या युक्तिवादात फारसा दम नाही. त्या वर्षांत पुष्कळ काही झालं.

हिरवं_रान
मुलाला खरंच माथ्यावर न्यायचं असेल तर मेक्सिकोच्या हट्टापेक्षा ग्वाटेमाला आणि बेलीझ बघा. तिथे प्रश्न बराच डोकं लावून सोडवलाय.

तिकालला (ग्वाटेमाला) मंदिर क्रमांक १, म्हणजे सगळ्या पोस्टरांवरचं ते, बंद आहे. पडून माणसं दगावल्यावर बंद केलं. पण त्याच्या समोरच्या मंदिर क्रमांक २ ला आणि सर्वांत उंच क्रमांक ४ ला (सुमारे ६५ मीटर) बाजूने लाकडी जिना उभा केलाय. मूळ दगडी पायऱ्यांना पाय लागतच नाही. कठड्याला धरून चढायचं आणि वर दगडी ओट्यावर बसायचं. जिन्याला मध्ये थांबायला सपाट जागा आहेत, त्यामुळे सासूबाईंनाही दमादमाने जमावं. सूर्योदयासाठी जायचं तर वेगळं तिकीट लागतं. पण पहाटे बहुतेक वेळा धुकं असतं आणि सूर्य काही दिसत नाही, हे तिकीट विकणारा सांगत नाही.

बेलीझमधलं शुनानतुनिच गाठायला आधी मोपान नदी ओलांडावी लागते, अनेक वर्षं ती हाताने चाक फिरवून चालवायच्या तराफ्यावरून ओलांडायचे. तराफा चालू असेल तर मुलाला पिरॅमिडपेक्षा तेच जास्त आवडण्याची दाट शक्यता! तिथला एल कास्तियो सुमारे ४० मीटर, वरपर्यंत चढता येतं. चढू देणं परवडतं कारण पूर्वेकडचं मूळ चुन्याचं शिल्पकाम झाकून त्याच्यावर फायबरग्लासची हुबेहूब प्रतिकृती बसवली आहे. हात लागतो तो नकलेला. मात्र वरच्या मजल्याची वाट बाहेरच्या अंगाने जाते, अरुंद आहे आणि कडेला कठडा नाही. ११ वर्षांच्या मुलाला आतल्या, म्हणजे भिंतीच्या बाजूने चालवा.

उतरायचं तंत्र, सगळीकडे एकच: तोंड खाली करून सरळ उतरू नका. पाऊल आडवं टाकायचं, म्हणजे अख्खा तळवा पायरीवर बसतो, आणि जिन्यावर तिरकं, नागमोडी उतरायचं. दोन्ही हात मोकळे हवेत. कॅमेरा गळ्यात लोंबकळता नको, तो पुढे झोलतो आणि तोल जातो. पाऊस पडून गेल्यावर शेवाळलेल्या चुनखडीवर कितीही महागडे बूट घाला, घसरतातच. वाळेपर्यंत थांबायचं.

चुनखडी
तिसरा प्रश्न राहिला. खुफूच्या पिरॅमिडमध्ये सासूबाईंना नेऊ नका असं माझं मत. चढता बोगदा सुमारे ३९ मीटर लांब, उंची जेमतेम १.२ मीटर, उतार २६ अंश. म्हणजे कमरेत पूर्ण वाकून, फळीवर ठोकलेल्या आडव्या पट्ट्यांवर पाय देत चढायचं, आणि समोरून उतरणारी माणसं अंगाला घासून जाणार. पुढे मोठी गॅलरी उंच आणि ऐसपैस आहे, तिथे पाठ सरळ होते. त्यानंतर पुन्हा वाकून राजाच्या दालनात. आत ग्रॅनाइटची पेटी सोडली तर काही नाही. चित्रं नाहीत, लेख नाहीत. हवा कोंदट. एका माणसाच्या श्वासातून आणि घामातून साधारण २० ग्रॅम पाणी आत राहतं. ते भिंतीत मुरतं, वाळताना क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. १९९० च्या दशकात आत हवा खेळवायची यंत्रणा बसवली ती त्यासाठीच.

मुलाची हौस भागवायला त्यापेक्षा दहशूरचा लाल पिरॅमिड चांगला. दार उत्तर बाजूला, जमिनीपासून सुमारे २८ मीटर उंचावर आहे आणि तिथपर्यंत बाहेरून अधिकृत पायऱ्या आहेत. म्हणजे पिरॅमिडच्या अंगावर नऊ मजले चढणं, तेही कायद्याने. पुढे आत ६० मीटरहून लांब, जेमतेम एक मीटर उंचीचा उतरता बोगदा आहे. उलटं, पाठ आधी करून, शिडी उतरावी तसं उतरलं तर गुडघ्यांवर कमी ताण येतो. आत अमोनियासारखा वास येतो, त्याने घाबरू नका. गर्दी गिझाच्या मानाने नगण्य. सासूबाईंनी दारापर्यंत चढून वाळवंट बघावं आणि परत यावं.

आणि जून कशाला? त्या दिवसांत दुपारी दगड हात लावू देत नाही. जायचंच असेल तर दार उघडायच्या वेळी हजर राहा. ड्रोन मुळीच नेऊ नका, विमानतळावरच जप्त होतो.

मुपो_डॅलस
सगळ्यांचे आभार. म्हणजे चिचेन इत्झा खालून, चढाई शुनानतुनिचला, आणि इजिप्तमध्ये लाल पिरॅमिड. इजिप्त डिसेंबरात आणि बेलीझ नंतर, अशी अदलाबदल करून बघते. मेक्सिकोसाठी एच-१बी चा (अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसाचा) शिक्का चालतो ना?

पायरी_पायरीने
पासपोर्टवर वैध अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पण तारीख उलटलेला शिक्का आणि सोबत नुसतं आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याचं अमेरिकन पत्र) असेल तर चालत नाही, तिथे बरेच जण विमानतळावर अडकतात. सासूबाईंचा बी-२ (पर्यटक) व्हिसाही तपासा.

कानकून आणि चिचेन इत्झाच्या घड्याळात एका तासाचा फरक आहे, युकातान राज्य एक तास मागे. सातला निघालात तर गाडीने अडीच तास लागूनही तिथे साडेआठच वाजलेले असतात, गर्दीच्या बसगाड्या यायच्या आत. दार आठला उघडतं. तिकिटाचे दोन भाग असतात, एक केंद्राचा, एक राज्याचा. दोन्ही घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. मुलाला उत्तरेच्या जिन्यासमोर उभं करून टाळी वाजवायला सांगा, पायऱ्यांवरून परतणारा आवाज पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो.