मोठ्या कुत्र्याला युरोपात विमानाच्या होल्डमधून न्यावं का?

इसारकाठ:

ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने दिलेला एक निकाल तुमच्यापैकी काहींनी वाचला असेल. २०१९ साली एक बाई ब्वेनोस आयरेसहून बार्सिलोनाला निघाल्या होत्या. कुत्री मोठी, केबिनमध्ये बसणारी नव्हती, म्हणून तिला होल्डसाठी, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेसाठी, क्रेटमध्ये (प्रवासाच्या पिंजऱ्यात) घालून कर्मचाऱ्यांच्या ताब्यात दिलं. विमानाकडे नेताना ती क्रेटमधून सुटली, पळाली आणि पुन्हा सापडलीच नाही. बाईंनी ५,००० युरो भरपाई मागितली. न्यायालयाने सांगितलं की माँट्रिअल कराराच्या, म्हणजे विमान कंपन्यांची भरपाई ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दृष्टीने प्राणी हा प्रवासी नव्हे, तो सामानात मोडतो आणि भरपाईची मर्यादाही सामानाचीच लागू होते. ही मर्यादा आज १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, म्हणजे अठराशे युरोंच्या आसपास. सुटकेस हरवली तरी तीच मर्यादा आणि घरचं कुत्रं हरवलं तरी तीच. युरोपातल्या युरोपात उडणाऱ्या विमानांनाही हाच नियम आहे.

आता हा विषय काढायचं कारण सांगते. आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाची म्युनिकहून हेलसिंकीला बदली झाली आहे. त्यांची कुत्री पुण्याची आहे, रस्त्यावरून उचलून घरात आणलेली, आता १९ किलोची. युरोपातल्या बहुतेक कंपन्यांची केबिनमधली मर्यादा बॅगेसकट ८ किलो. रायनएअर, ईझीजेट, विझ तर मदतनीस कुत्री सोडून कुठलाच प्राणी घेत नाहीत. म्हणजे विमानाने न्यायचं तर होल्डशिवाय मार्ग नाही.

माझं मत स्पष्ट आहे: नेऊ नये. "अडीच तासांचा तर प्रवास," असं सगळे म्हणतात, पण कुत्रीच्या बाजूने हिशोब केला तर तो अडीच तासांचा राहत नाही. ती तुमच्या हातातून सुटते ती मोठ्या सामानाच्या काउंटरवर, विमान सुटायच्या बऱ्याच आधी. मग ट्रॉली, मग रॅम्पवर, म्हणजे विमानाजवळच्या उघड्या जागेत, थांबणं, जुलै असेल तर तापलेलं डांबर, जानेवारी असेल तर बोचरा वारा, वर इंजिनांचा आवाज आणि अनोळखी माणसं. त्या खटल्यातल्या कुत्रीचं काय झालं बघा ना. आकाशात काहीच बिघडलं नव्हतं, जे घडलं ते जमिनीवर.

युरोपात निदान पर्याय तरी आहेत. जर्मन रेल्वेत मोठ्या कुत्र्याचं तिकीट काढलं, पट्टा आणि मुसकं घातलं की झालं. गाडी असेल तर जर्मनीतल्या ट्राव्हेम्युंड्य बंदराहून हेलसिंकीची फेरीबोट आहे, साधारण तीस तास लागतात, आणि प्राण्यांसह राहायच्या केबिन मिळतात. नाहीतर स्टॉकहोमपर्यंत जमिनीवरून आणि पुढे रात्रीची बोट. दोन दिवस मोडतात, मान्य. पण ती दोन्ही दिवस आपल्या माणसांच्या पायाशी असते. जिवाची जबाबदारी घेतली आहे तर दोन दिवस काढलेच पाहिजेत.

दक्षिणवारा:

पूर्ण असहमत, आणि हे मी स्वतः केलेलं असल्यामुळे सांगतोय.

आमचा इंडी (आपलं देशी कुत्रं) नाशिकचा. त्याला जर्मनीत आणलं तेव्हा रेबीजची टायटर टेस्ट (लशीचा परिणाम रक्तात मोजणारी), त्यात ०.५ च्या वर आकडा, रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं, हे सगळं झालं आणि मग तो मुंबईहून होल्डमधूनच आला. उतरल्यावर पाणी प्यायला, झाडाखाली पाय वर केला, घरी येऊन झोपला. इथल्या व्हेटने त्याचा प्राण्यांचा युरोपियन पासपोर्ट करून दिल्यावर पुढचं सगळं सोपं झालं: चिप, चालू रेबीज लस, पासपोर्ट.

होल्ड म्हणजे अंधारकोठडी हा समज जुना आहे. प्राणी ठेवतात त्या भागात हवेचा दाब केबिनइतकाच असतो, तापमान राखलं जातं, आणि जिवंत प्राणी आहे हे कॅप्टनला कळवलेलं असतं. क्रेटचे आयाटाचे (विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे) नियम आहेत: कुत्र्याला मान न वाकवता उभं राहता यावं, वळता यावं, पसरता यावं.

खरी मेहनत आधी करायची असते. आम्ही क्रेट कित्येक महिने हॉलमध्ये उघडा ठेवला होता. जेवण त्यात, दुपारची झोप त्यात, दार लावून पाच मिनिटं, मग अर्धा तास, मग दोन तास. शेवटी तो आपणहून आत जाऊन बसायला लागला. आत माझी जुनी न धुतलेली लुंगी अंथरली. पाण्याची वाटी आदल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवली, म्हणजे चढवताना पाणी सांडत नाही आणि बर्फ हळूहळू वितळून त्याला पुरतं. दाराच्या चारही कोपऱ्यांना केबल टाय लावले. कुत्रं सुटतं ते बहुतेक वेळा कुलूप ढिलं असल्यामुळे किंवा क्रेट स्वस्तातला असल्यामुळे.

आता तुमच्या दोन दिवसांच्या प्रवासाचं बोलतो. भरलेल्या आयसीईमध्ये (जर्मनीच्या वेगवान रेल्वेत) १९ किलोची कुत्री ठेवायची कुठे? दोन डब्यांच्या मधल्या जागेत, प्रत्येक स्टेशनवर माणसं तिच्यावरून सुटकेस ओढत जाणार. तोंडाला तासन्‌तास मुसकं. हॅम्बुर्गला गाडी चुकली की थंडीत फलाटावर. बोटीवर इंजिनाची थरथर आणि शी-शू करायला डेकवरचा एक कोपरा. पुष्कळ कुत्री तिथे करतच नाहीत, धरून ठेवतात. हा त्रास आपल्या डोळ्यासमोर होतो म्हणून आपल्याला कमी वाटतो. कुत्रीला तो कमी होत नाही.

भटकी मनी:

मी मांजरवाली, तरी लिहिते. केबिनमध्ये नेलं की सगळं सुखाचं, असं कुणी समजू नये. ॲम्स्टरडॅमला सुरक्षा तपासणीत बॅग एक्स-रेमधून एकटी जाते आणि मांजराला उचलून तुम्ही दारातून जायचं. बूट काढलेले, मागे रांग, आणि चार किलोचं घाबरलेलं मांजर खांद्यावर नखं रोवून बसलेलं. हार्नेस आणि दोरी आधीच घालून ठेवा, आणि स्वतंत्र खोलीत तपासणी करता का, असं स्पष्ट विचारा. बऱ्याच ठिकाणी करतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

डॉ. गोठा:

व्यवसायाने पशुवैद्य, सध्या नेदरलँड्समध्ये. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट राहिली आहे, ती म्हणजे नाकाची ठेवण. पग, फ्रेंच बुलडॉग, पर्शियन मांजर यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. कुत्रं अंग थंड करतं ते धापा टाकून. वाटच अरुंद असेल तर ताण आणि उकाडा मिळून जिवावर बेततं. लुफ्तान्सासारख्या कंपन्या या जातींना होल्डमध्ये घेतच नाहीत, ते योग्यच आहे. लांब नाकाच्या, निरोगी, क्रेटची सवय असलेल्या इंडीला मी प्रवासासाठी 'फिट' लिहून देईन. फटाक्यांच्या आवाजाने पलंगाखाली घुसणाऱ्या इंडीला नाही देणार, मग ती कितीही निरोगी असो.

आणि कृपा करून झोपेचं औषध देऊ नका. त्याने रक्तदाब खाली येतो, तोल जातो, आणि होल्डमध्ये लक्ष ठेवायला कुणी नसतं. काउंटरवर गुंगीत दिसलं तर कंपनी नाकारू शकते.

मुक्काम पोस्ट क्रॉयडन:

ब्रिटनला येणाऱ्यांनी हा वाद घालायचीच गरज नाही. इथे विमानाने यायचं तर प्राणी कार्गो म्हणूनच येतो, मदतनीस कुत्री वगळता. दोन किलोचं चिवावा असलं तरी मांडीवर येत नाही. म्हणून शहाणी माणसं पॅरिस किंवा ॲम्स्टरडॅमपर्यंत येतात आणि फ्रान्समधल्या कॅलेहून आपल्या गाडीत बसूनच शटलने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या रेल्वेने, समुद्राखालचा बोगदा पार करतात. युरोस्टार या प्रवासी रेल्वेच्या भरवशावर राहू नका, तिथे पाळीव प्राणी घेत नाहीत. इथून तिकडे जाताना २०२१ पासून ब्रिटनचा जुना पासपोर्ट चालत नाही. आरोग्य प्रमाणपत्र प्रवासाच्या आधी दहा दिवसांच्या आत व्हेटकडून घ्यावं लागतं.

चैत्रपालवी:

होल्ड की रेल्वे यावर भांडण्यापेक्षा मोठ्या कुत्र्यांना केबिनमध्ये जागा का मागत नाही आपण? मे २०२५ मध्ये इटलीच्या विमान वाहतूक प्राधिकरणाने ती वाट मोकळी केली: प्राणी आणि क्रेट मिळून वजन सरासरी प्रवाशापेक्षा जास्त नको, आणि क्रेट सीटवर पक्का बांधता आला पाहिजे. सप्टेंबरात मिलान ते रोम अशा फेरीत दोन मोठी कुत्री केबिनमधून गेलीसुद्धा. वेगळ्या सीटचे पैसे आपण आनंदाने भरू.

कोंदण:

चैत्रपालवी, माझ्या मुलीला कुत्र्यांच्या ॲलर्जीने दम्याचा झटका येतो. इनहेलर पर्समध्ये नाही, हातात धरून आम्ही विमानात बसतो. रेल्वेत डबा बदलता येतो, बोटीत डेकवर जाता येतं. दहा हजार मीटरवर कुठे जाणार? तुमचं कुत्र्यावरचं प्रेम खरं आहे, पण त्या केबिनमध्ये माझं लेकरूही आहे. आधी ठरलेल्या फेऱ्या प्राण्यांसाठी ठेवा, तिकीट काढतानाच ते दिसू द्या, मग माझी हरकत नाही. न सांगता शेजारच्या सीटवर लॅब्राडोर आणून बसवलेला मला चालणार नाही.

इसारकाठ:

कोंदण, तुमची मागणी शंभर टक्के रास्त आहे.

दक्षिणवारा, तुमची तयारी वाचून तुमच्या इंडीच्या नशिबाचं कौतुक वाटलं, पण तुमचा मुद्दा मला पटलेला नाही. तुमच्या यादीतली प्रत्येक गोष्ट तुम्ही केलीत: सवय, लुंगी, बर्फ, केबल टाय. काउंटरच्या पलीकडे मात्र तुमच्या हातात काहीच नव्हतं, आणि माझा आक्षेप नेमका त्या पलीकडच्या भागावर आहे. ट्रेनमध्ये माणसं तिच्यावरून सुटकेस ओढायला लागली तर मी मध्ये पाय घालू शकते. रॅम्पवर मला कुणी जाऊ देत नाही.

दक्षिणवारा:

तो मुद्दा घेतो. पण मग कंपन्यांवर जबाबदारी वाढवायला हवी. न नेण्याने ती वाढत नाही. माँट्रिअल करारातच तरतूद आहे: सामान ताब्यात देताना त्याच्या मूल्याची विशेष घोषणा करायची, कंपनी मागेल ती जादा रक्कम भरायची, की भरपाईची मर्यादा वर जाते. त्या खटल्यातल्या बाईंनी अशी घोषणा केलेली नव्हती. जो कुणी होल्डमधून नेणार असेल त्याने ती लेखी मागावी आणि पोच घ्यावी.

इसारकाठ:

मागावीच. पण त्याने पैसे वाढतील, कुत्री परत येणार नाही. माझा सल्ला तोच राहील.

डॉ. गोठा:

हेलसिंकीला जाणाऱ्यांसाठी, विमान असो की बोट: फिनलंडमध्ये कुत्र्याला टेपवर्मचं (पोटातल्या जंताचं) औषध दिल्याची नोंद लागते, पोहोचायच्या आधी २४ ते १२० तासांच्या मध्ये. आयर्लंड, माल्टा, नॉर्वे यांनाही हेच. औषध व्हेटनेच द्यायचं आणि पासपोर्टात तारखेबरोबर वेळही लिहायची. वेळेची जागा कोरी राहिली म्हणून अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. तीस तासांची फेरी घेणार असाल तर तास पोहोचायच्या वेळेपासून मागे मोजा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी व्हेटची वेळ घ्या. म्हणजे बोटीला उशीर झाला तरी पुष्कळ तास हाताशी राहतात. वाटेत डेन्मार्क असेल तर तिथे बंदी असलेल्या जातींची यादी आधी बघा; इंडीला अडचण नाही, पण अंगाने पिटबुलसारखा दिसणारा मिश्र जातीचा असेल तर जात नोंदवलेले कागद बरोबर ठेवा. स्वीडनमधून जाणार असाल तर तिथल्या कस्टम्सला कुत्रं आणतोय हे कळवावं लागतं.