गणना क्लाउडवर पाठवल्याने मोबाइलची बॅटरी खरोखर वाचते का?

प्रश्न (रावेर): केळीच्या पानावरील करपा ओळखणारे अ‍ॅप आम्ही तयार करीत आहोत. छायाचित्राचे विश्लेषण फोनवरच करावे की इंटरनेटवरील दूरच्या सर्व्हरकडे (क्लाउडवर) सोपवावे, म्हणजे दिवसभर बागेत फिरणाऱ्याची बॅटरी टिकेल?

उत्तर (जळगाव): गणना जड आणि पाठवायची माहिती थोडी असेल, तरच क्लाउड परवडतो. बागेत रेंज कमकुवत असल्यास फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो, शिवाय माहिती गेल्यावरही फोनचा रेडिओ (नेटवर्कशी संपर्क ठेवणारा भाग) काही सेकंद जागाच राहतो. बरीचशी बचत तिथेच खर्ची पडते.

उत्तर (धुळे): सहमत. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांची २०१० मधील ‘माउई’ प्रणाली म्हणूनच कोणते काम बाहेर पाठवायचे, हे अ‍ॅप चालू असतानाच ठरवीत असे. पाठवायची माहिती कमी व्हावी म्हणून छायाचित्र आधी लहान करा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, भाऊ. निदान बागेतच हवे असल्याने करपा ओळखणारे छोटे मॉडेल (संगणकीय प्रारूप) फोनवर ठेवू आणि शंकास्पद पानेच सर्व्हरकडे पाठवू.