शॅनन ०.३३८ की ०.७७८? आणि सिम्पसन उलटा का येतो?

प्रश्न (टाचणवही):
दोन भूखंडांतल्या झुडपांची गणना केली आहे. दोन्हीकडे ५ प्रजाती आणि १०० झुडपं.
अ : २०, २०, २०, २०, २०
ब : ८०, ५, ५, ५, ५
प्रजातींची विविधता मोजायला शॅनन आणि सिम्पसन हे दोन निर्देशांक काढायचे आहेत. ब साठी स्प्रेडशीटमध्ये शॅनन निर्देशांक ०.३३८ येतो, उत्तरपत्रिकेत ०.७७८ आहे. शिवाय सिम्पसन अ साठी ०.२० आणि ब साठी ०.६५ निघतो. म्हणजे ब जास्त विविध? डोळ्यांना तर उलटंच दिसतंय.

तृणपर्ण:
गणित बरोबर आहे, लॉगचा पाया वेगळा पडलाय. स्प्रेडशीटमध्ये नुसतं 'लॉग' लिहिलं की पाया १० धरला जातो. नैसर्गिक लॉगसाठी 'एलएन' हे सूत्र वापरा. हाताने ताळा करून बघा (प्रत्येक प्रजातीचं प्रमाण गुणिले त्या प्रमाणाचा लॉग, चिन्ह उलटवून):
०.८ × ०.२२३१ = ०.१७८५
०.०५ × २.९९६ = ०.१४९८, अशा चार प्रजाती, म्हणून ०.५९९२
बेरीज ०.७७८. पाया २ घेतलात तर हाच आकडा १.१२ होतो. तिन्ही बरोबर, पण अहवालात पाया लिहिलाच पाहिजे; नाहीतर दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

एखादी प्रजाती एका भूखंडात नसेल तर शून्याचा लॉग निघत नाही आणि सूत्र चूक दाखवतं. तिथे ०.०१ वगैरे भरू नका. ती ओळ सोडून द्या, तिचा वाटा शून्यच असतो.

चौकटमापे:
सिम्पसनबद्दल. तुम्ही काढलेला आकडा म्हणजे प्रमाणांच्या वर्गांची बेरीज. यदृच्छेने उचललेली दोन झुडपं एकाच प्रजातीची निघण्याची ती शक्यता. ब मध्ये एकीचंच राज्य आहे, म्हणून ती ०.६५. थोडक्यात, हे वर्चस्वाचं माप झालं. विविधता हवी तर १ मधून वजा करा: अ ०.८०, ब ०.३५. कुणी १ ला त्या आकड्याने भागतात: अ ५, ब १.५४. तिन्ही रूपांना 'सिम्पसन' म्हणतात, परीक्षेत गोंधळ होतो तो इथेच.

नमुना लहान असेल तर वर्गाऐवजी न(न−१) भागिले एकूण(एकूण−१) असं घ्या (न म्हणजे त्या प्रजातीची झुडपं) आणि सगळ्या प्रजातींची बेरीज करा. एकदा उचललेलं झुडूप परत ठेवत नाही, हे त्यात धरलेलं असतं. ब साठी ६४००/९९०० = ०.६४६. शंभराच्या नमुन्यात फरक नगण्य, दहाच्या नमुन्यात नाही.

तृणपर्ण:
एक भर घालतो, कारण ही चूक छापील अहवालांतही दिसते. अ चा शॅनन १.६०९ आणि ब चा ०.७७८ पाहून 'ब ची विविधता अ च्या निम्मी' असं लिहू नका. शॅनन हे अनिश्चिततेचं माप आहे, प्रजातींची संख्या नव्हे. ई चा (नैसर्गिक लॉगचा पाया, सुमारे २.७१८) त्या आकड्याइतका घात काढा: अ साठी ५, ब साठी २.१८. याला प्रभावी प्रजातीसंख्या म्हणतात. परिस्थितिकीतज्ज्ञ हिल यांनी १९७३ मध्ये ही मापं एका सूत्रात बांधली. ब मध्ये जणू सारख्या संख्येच्या सव्वादोनपेक्षा किंचित कमीच प्रजाती आहेत. हे वाक्य खरंच काहीतरी सांगतं.

टाचणवही:
उलगडा झाला. प्रत्येक भूखंडात दहा चौकटी (मोजणीसाठी आखलेले ठरावीक मापाचे चौकोन) टाकल्या होत्या. प्रत्येकीचा शॅनन काढून सरासरी घ्यायची की आधी आकडे एकत्र करायचे?

चौकटमापे:
एकत्र करा.

पानगळ:
सरसकट नाही. एका चौकटीत फक्त क प्रजातीची १० झुडपं, दुसरीत फक्त ख प्रजातीची १०, असं समजा. प्रत्येकीचा निर्देशांक ०, सरासरी ०. एकत्र केलं तर ०.६९३. सरासरीतून चौकटीच्या आतली, म्हणजे अल्फा विविधता कळते, एकत्र आकड्यातून पूर्ण भूखंडाची गॅमा. प्रभावी संख्येत गॅमा भागिले अल्फा = २/१ = २, ही बीटा: दोन चौकटींत एकही प्रजाती सामाईक नाही. दोन्ही तंतोतंत सारख्या असत्या तर १ आली असती. (चौकटींचा शॅनन वेगवेगळा असेल तर आधी शॅननची सरासरी, मग घात. उलट क्रमाने केलंत तर अल्फा फुगते.) दोन भूखंडांची तुलनाच करायची असेल तर चौकटींची संख्या आणि आकार दोन्हीकडे सारखे हवेत. जास्त जागा शोधली की जास्त प्रजाती सापडतातच.

आणि काठावरची झुडपं कशी मोजलीत? सगळी धरली तर घनता फुगते, लहान चौकटीत जास्तच, कारण क्षेत्राच्या मानाने काठ लांब. वरच्या आणि डाव्या कडेवरची धरा, उरलेल्या दोन कडांवरची सोडा. पसरणाऱ्या गवताचं एक रोप कुठे संपतं हे ठरत नाही; त्याची संख्या न मोजता व्यापलेल्या जागेची टक्केवारी घ्या. पण मग सगळ्याच प्रजातींची टक्केवारी, अर्धी संख्या अर्धी टक्के असं नको.