मदत हवी आहे: भावाला आवाज ऐकू येतात, नेमकं कुणाकडे न्यावं?

माझा धाकटा भाऊ, वय २३. गेले तीनेक महिने त्याला कुणीतरी बोलतंय असं ऐकू येतं. सुरुवातीला वाटलं, चेष्टा करतोय. मग लक्षात आलं की थंडीतही रात्रभर पंखा पाचवर ठेवतो. का, तर त्या आवाजात 'ते लोक' कमी ऐकू येतात. परवा जेवताना हातातला घास तसाच ठेवून भिंतीकडे बघत म्हणाला, "हो, कळलं." आईचा चेहरा बघवत नव्हता.

नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, फरक शून्य. घरातले काही जण 'बाहेरचं' बघायला सांगतायत, ते मी करणार नाही.

मी वाचलंय की असे भास फक्त स्किझोफ्रेनियातच होतात असं नाही. तीव्र नैराश्य, फिट्सचा आजार, थायरॉइड, नशा, फार दिवसांचं जागरण, यांतूनही होऊ शकतात. मग आधी मेंदूविकारतज्ज्ञ की थेट मानसोपचारतज्ज्ञ? समुपदेशक औषधं देत नाहीत एवढं माहीत आहे.

आणि खरी अडचण म्हणजे तो यायलाच तयार नाही. "मी वेडा नाही" एवढंच म्हणतो. झोप लागत नाही या निमित्ताने नेलं तर चालेल का, की खोटं बोलल्याने विश्वास जाईल? आवाज काय सांगतात हे त्याला विचारावं का? स्वतःला इजा करायला सांगत असतील तर थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सीत न्यायचं, हे ठरवलंय.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी प्लीज सांगा, पहिल्यांदा कसं नेलंत?